शरीर आमचे, संशोधन कुणाचे?

एचआयव्हीशी जोडलेल्या कर्करोगांवर आफ्रिकेतल्याच डॉक्टरांना, परिचारिकांना आणि संशोधकांना तयार करावे, असे आज जगभर बोलले जाते. ही चर्चा आपल्यापासून दूरची वाटते, पण तिचा दुसरा अध्याय महाराष्ट्रात घडला आहे.

आधी युगांडा. 1958 मध्ये डेनिस बर्किट या ब्रिटिश शल्यविशारदाने तिथल्या मुलांच्या जबड्यातील गाठींचे वर्णन केले. आजाराला त्याचेच नाव मिळाले. 1967 मध्ये कंपाला येथे अमेरिकेच्या मदतीने कर्करोग संस्था उभी राहिली. इदी अमीनच्या काळात परदेशी डॉक्टर निघून गेले, तेव्हा चार्ल्स ओल्वेनी या युगांडाच्याच डॉक्टरने संस्था सांभाळली. माणसे स्थानिक होती म्हणून काम टिकले.

आता आपल्याकडे या. 1987 मध्ये बार्शीत देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांतील 346 गावांत कर्मचारी फिरले आणि बायकांमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग सर्वाधिक असल्याचे नोंदींतून पुढे आले. 1999 पासून उस्मानाबाद जिल्ह्यात 52 गावगटांतील 1,31,746 स्त्रियांवर मोठी चाचणी झाली. पैसा गेट्स फाउंडेशनचा होता. एचपीव्ही तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाने 34 मृत्यू झाले, तर तपासणी न दिलेल्या गटात 64. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत 1998 पासून अशीच चाचणी झाली. तिथे दहावी शिकलेल्या स्त्रियांना चार आठवडे शिकवून व्हिनेगर लावून तपासणी करायला लावले. मृत्यूदर 31 टक्क्यांनी घटला.

या प्रयोगांतून दोन गोष्टी सिद्ध झाल्या. एक, आपल्या वस्तीतील कमी शिकलेली बाई प्रशिक्षण मिळाले की जीव वाचवू शकते. दुसरी गोष्ट कडू आहे. तपासणी न दिलेल्या गटातील बायका केवळ तुलनेसाठी होत्या. समर्थक म्हणतात, तेव्हा देशात तपासणीचा कार्यक्रमच नव्हता, मग कुणाचे काय हिरावले? पण पॅप तपासणी जगाला 1940 च्या दशकापासून माहीत होती. पैसेवाल्या बाईला ती मुंबईत मिळतच होती. कार्यक्रम नसणे हे नैसर्गिक संकट नाही, तो सत्ताधाऱ्यांचा निर्णय असतो. त्या निर्णयाची किंमत झोपडपट्टीतल्या आणि खेड्यातल्या बाईने मोजली, आणि शोधनिबंध परदेशी नियतकालिकांत छापून आले.

ज्ञान तरी परत आले का? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार 30 ते 49 वयाच्या जेमतेम 1.9 टक्के भारतीय स्त्रियांनी ही तपासणी कधीतरी करून घेतली होती.

एचआयव्हीबाधित स्त्रीला हा धोका सुमारे सहापट असतो. अमेरिकेने 1993 मध्येच हा कर्करोग एड्सच्या निदानाच्या यादीत घातला. आपल्याकडे 1 एप्रिल 2004 पासून मोफत एआरटी मिळू लागली, महाराष्ट्र पहिल्या राज्यांत होता. बाई औषधामुळे जगते, नियमितपणे केंद्रावर येते. गोळ्या घेऊन ती तपासणीशिवाय परत जात असेल, तर ही आरोग्यव्यवस्थेची चूक आहे. जागतिक आरोग्य संघटना तिची तपासणी 25 व्या वर्षापासून करा म्हणते.

नागपुरात 1980 पासून कर्करोगाची नोंदणी आहे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, कर्करोग रुग्णालये आहेत. म्हणजे इमारती आहेत. प्रश्न आत बसणाऱ्या माणसांचा आहे. बाबासाहेबांनी 1945 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, कारण दुसऱ्याने दिलेल्या ज्ञानावर समाज उभा राहत नाही हे त्यांनी ओळखले होते. तोच न्याय इथे लावा. प्रत्येक एआरटी केंद्रात गर्भाशयमुखाची तपासणी सुरू करा. आशाताई आणि एचआयव्हीसह जगणाऱ्या महिलांना पगारी प्रशिक्षण द्या. दलित, आदिवासी, भटक्या विद्यार्थ्यांना रोगनिदानशास्त्र आणि साथरोगशास्त्रासाठी शिष्यवृत्त्या द्या. संशोधनाला परवानगी देणाऱ्या नैतिकता समितीत वस्तीतील बाईला मतासह जागा द्या.

आमच्या शरीरातून आकडे काढायचे असतील, तर ते मोजायला, तपासायला आणि नाकारायलाही आमची माणसे तिथे हवीत.

जय भीम!