उंच इमारतीत हृदयक्रिया बंद पडते तेव्हा...

- प्रतिनिधी

'१०८'ची रुग्णवाहिका फाटकाशी आली, म्हणजे मदत पोहोचली असे आपण मानतो. प्रत्यक्षात फाटकापासून चौदाव्या मजल्यावरील घरापर्यंतचे अंतर अजून उरलेले असते. म्हाडाच्या आणि झोपडपट्टी पुनर्वसन योजनेच्या (एसआरए) उंच इमारतींत राहणाऱ्या कुटुंबांसाठी हे अंतर जीवनमरणाचे ठरू शकते.

झटका आणि हृदयक्रिया बंद पडणे

हृदयाच्या रक्तवाहिनीत अडथळा येऊन स्नायूचा रक्तपुरवठा तुटतो, तो हृदयविकाराचा झटका. त्यात रुग्ण बहुधा शुद्धीवर असतो. हृदयक्रिया अकस्मात बंद पडली, तर मात्र माणूस कोसळतो, हाकेला ओ देत नाही, त्याचा श्वास थांबतो किंवा तो आचके देतो. अशा वेळी छातीवर दाब (सीपीआर) व विजेचा झटका न मिळाल्यास जगण्याची शक्यता दर मिनिटाला सुमारे ७ ते १० टक्क्यांनी घटते.

मजल्यांचा हिशेब

कॅनडातील टोरांटो परिसरात २००७ ते २०१२ या काळात घरी हृदयक्रिया बंद पडलेल्या रुग्णांचा अभ्यास २०१६मध्ये प्रसिद्ध झाला. तिसऱ्या मजल्याखालील ४.२ टक्के रुग्ण वाचले. तिसऱ्या व त्यावरील मजल्यांवर हे प्रमाण २.६ टक्के होते. सोळाव्या मजल्याच्या वर ते ०.९ टक्क्यावर आले, तर पंचविसाव्याच्या वरचा एकही रुग्ण वाचला नाही.

सिंगापूरचा धडा

सिंगापुरात बहुसंख्य नागरिक शासकीय गृहनिर्माण मंडळाच्या अनुदानित सदनिकांत राहतात. तेथे २०१५पासून दर दोन इमारतींमागे एक 'एईडी', म्हणजे हृदयाला विजेचा झटका देणारे स्वयंचलित यंत्र, बसविण्याचा उपक्रम राबविण्यात आला. जवळपासच्या स्वयंसेवकांना मोबाइलवर सूचना देण्याची सोयही त्याच वर्षी सुरू झाली. रुग्णवाहिका येईपर्यंत शेजाऱ्यानेच उपचार सुरू करावेत, हे त्यामागचे सूत्र.

सोसायटीने काय करावे?

* प्रत्येक विंगमधील काही रहिवाशांना सीपीआरचे प्रशिक्षण द्यावे. दिवसा घरी असणाऱ्या गृहिणी, विद्यार्थी आणि रखवालदार यांना त्यात प्राधान्य असावे.

* फोन आल्याबरोबर रखवालदाराने फाटक उघडावे, लिफ्ट तळमजल्यावर रोखून धरावी आणि एकाने रस्त्यावर उभे राहून रुग्णवाहिकेला वाट दाखवावी.

* विंग व सदनिकांचे क्रमांक ठळक असावेत. प्रवेशमार्गात वाहने, जिन्यात अडगळ नसावी.

* स्ट्रेचर कोणत्या लिफ्टमध्ये मावते, हे आधीच तपासावे. वीज गेल्यास लिफ्ट चालेल का, हेही पाहावे.

* एईडी घेतल्यास ते कार्यालयात कुलूपबंद न ठेवता सर्वांना दिसेल असे लावावे. त्याची बॅटरी व पॅड यांची मुदत वेळोवेळी पाहावी.

प्रत्यक्ष प्रसंगी

एकाने १०८ला फोन करून इमारत, विंग व मजला सांगावा. दुसऱ्याने रुग्णाला कठीण पृष्ठभागावर उताणे निजवून छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी ५ ते ६ सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० या गतीने दाब द्यावा. दर दोन मिनिटांनी माणूस बदलावा. एईडी असल्यास ते ताबडतोब आणवून त्यातील सूचना पाळाव्यात.

यंत्रासाठी निधी उभा राहायला वेळ लागेल. मात्र फाटक, लिफ्ट आणि प्रशिक्षण यांची व्यवस्था सोसायटीच्या पुढच्या सभेतही ठरविता येईल.