तारेवरची चिमणी, खांबावरचा गरुड

तारेवरच्या पक्ष्यांना शॉक लागत नाही, कारण त्यांचे पाय रबरासारखे असतात, असं लहानपणी दादानं मला सांगितलं होतं. मग एका सकाळी तारांमध्ये लटकून मेलेलं वटवाघूळ दिसलं.

चिमणीचे दोन्ही पाय एकाच तारेवर असतात. दोन्हीकडे विजेचा दाब जवळपास सारखाच, म्हणून तिच्या अंगातून प्रवाह जात नाही. पण त्याच वेळी दुसरी तार किंवा जमिनीला जोडलेलं लोखंड शिवलं, की संपलं. एवढं अंतर चिमणीला गाठता येत नाही. सोनेरी गरुडाला येतं, त्याचे पंख पसरले की सुमारे 2 मीटर!

1970 नंतर अमेरिकेच्या पश्चिम भागात खांबांखाली मेलेले गरुड सापडू लागले. तेव्हा आयडाहोच्या मॉर्ली नेल्सननं वीज कंपनीसोबत काम करताना आपले शिकवलेले गरुड वीज नसलेल्या नकली खांबांवर उतरवले आणि त्याचं चित्रीकरण केलं. ते बसतात कुठे, पंख लागतात कुठे, हे त्यात दिसलं. 1975च्या मार्गदर्शिकेत तारांमध्ये 60 इंच, म्हणजे दीड मीटर अंतर सुचवलं गेलं. 2 मीटर का नाही? पंखांच्या टोकाला नुसती पिसं असतात, आणि कोरड्या पिसांतून वीज फारशी वाहत नाही.

भिजलेल्या पिसांतून मात्र वाहते.