डायथायझोन पद्धत : पाण्यातील लेशमात्र शिशाचे मापन

पिण्याच्या पाण्यातील शिशासाठी भारतीय मानकाने (आयएस १०५००) लिटरला ०.०१ मिलिग्रॅम ही मर्यादा घातली आहे. म्हणजे शंभर मिलिलिटर पाण्यात अवघा एक मायक्रोग्रॅम. तो ना डोळ्यांना दिसतो, ना चवीला जाणवतो. इतका अल्प धातू वेगळा काढून रंगावरून मोजण्याची एक जुनी रीत म्हणजे डायथायझोन पद्धत. डायथायझोन हे सेंद्रिय अभिकर्मक जर्मन रसायनज्ञ हेल्मुट फिशर यांनी १९२५ मध्ये धातूंच्या विश्लेषणासाठी वापरात आणले.

डायथायझोनचे क्लोरोफॉर्ममधील द्रावण हिरवे असते. पृथक्कारी नरसाळ्यात ते पाण्याच्या नमुन्यासह हलवले, की शिसे डायथायझोनशी संयोग पावून क्लोरोफॉर्ममध्ये उतरते व तो थर लालसर होतो. पाण्याहून जड असल्याने तो तळाशी साचतो आणि तोटी उघडून काढून घेता येतो. स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ५१० ते ५२० नॅनोमीटरच्या आसपास त्याचे प्रकाशशोषण मोजतात आणि ज्ञात प्रमाणाच्या द्रावणांशी ताडून शिशाची मात्रा ठरवतात.

खरी अडचण वेगळीच आहे. डायथायझोन तांबे, जस्त, पारा, चांदी, कॅडमियम अशा अनेक धातूंशी जुळते आणि यंत्राला केवळ शोषण कळते, ते कोणाचे हे कळत नाही. निवड करावी लागते ती नरसाळ्यातच. अमोनियाने द्रावण अल्कधर्मी करतात. सायट्रेटमुळे लोहाचा साका बसत नाही. सायनाइड तांबे, जस्त इत्यादींना पाण्यातच जखडून ठेवते. शिशाला मात्र ते अडवत नाही. सायनाइडला न जुमानणारे बिस्मथ आधीच, आम्लधर्मी द्रावणातून, काढून टाकावे लागते. येथे क्रम चुकवून चालत नाही : आम्लात सायनाइड पडले, तर प्राणघातक हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो.

दुसरा धोका अधिक छुपा. काचेच्या भांड्याला चिकटलेले किंवा अभिकर्मकात मुळातच असलेले शिसे नमुन्यातील शिशाहून जास्त भरू शकते. म्हणून भांडी नायट्रिक आम्लाने धुतात आणि शिसेविरहित पाण्यावर तीच सारी प्रक्रिया करून ‘कोरी चाचणी’ घेतात. तिचे वाचन वजा न करता दिलेला आकडा निर्दोष पाण्यालाही दूषित ठरवू शकतो.

पुढे आण्विक शोषण वर्णपटमापन आल्यावर सायनाइड हाताळण्याची गरज बरीच कमी झाली. तरी फार विरल नमुन्यातील धातू आधी द्रावकात ओढून संहत करण्याची पायरी त्या पद्धतीतही अनेकदा योजली जाते.