दगड कापणारी वाळू आणि रस्ता कापणारा हिरा

लाकूड करवतीनें कापतात, हें लहान मुलासहि ठाऊक असतें. परंतु काँक्रीटचा कठीण रस्ताहि करवतीनेंच कापतात, हें ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. लाकडांत करवतीचे दांते तंतू तोडीत पुढें जातात. दगडावर मात्र तेच दांते पाहतां पाहतां बोथट होतात. मग दगड कापतें तें काय? या प्रश्नाचें उत्तर मनुष्यास सांपडून साडेचार हजार वर्षें होऊन गेलीं.

ईजिप्तमध्यें गीझा येथें खूफू राजाच्या पिरॅमिडलगतच्या मंदिरांत बेसाल्टची फरसबंदी आहे. तिच्या शिळांवर करवतीच्या खुणा स्पष्ट दिसतात. त्या काळच्या कारागिरांजवळ होतें तें तांबें, आणि तांबें तर त्या दगडाहून किती तरी मऊ! इंग्रज संशोधक फ्लिंडर्स पेट्री यानें इ. स. १८८३ च्या आपल्या ग्रंथांत असा तर्क मांडला कीं, करवतीच्या कडेस रत्नांचे कण घट्ट बसविलेले असावेत. पुढील संशोधकांनीं प्रयोगानें दाखवून दिलें कीं, रत्नांवांचूनहि काम भागतें. तांब्याचें साधें पातें आणि त्याखालीं गारेची वाळू एवढें साहित्य पुरतें. पातें वाळूस केवळ पुढेंमागें ओढीत असतें. कापते ती वाळू. रोमन ग्रंथकार प्लिनी यानें पहिल्या शतकांत संगमरवराविषयीं हेंच लिहून ठेविलें आहे. जाड वाळूनें चीर रुंद पडून दगड वायां जातो, असेंहि तो बजावतो. आशिया मायनरमधील हीरापोलिस येथें सांपडलेल्या तिसऱ्या शतकांतील एका शवपेटीवर तर पाणचक्कीनें चालणारें दगड कापण्याचें यंत्रच कोरलेलें आहे.

पेट्रीचा तर्क ईजिप्तपुरता फसला. परंतु कल्पना म्हणून तो वायां गेला नाहीं. त्याच्या ग्रंथानंतर दोनच वर्षांनीं, म्हणजे १८८५ च्या सुमारास, पॅरिसमध्यें कडेस हिरे बसविलेली गोल करवत दगड कापण्यासाठीं तयार झाली. अडचण होती ती किंमतीची. १९५४ सालीं अमेरिकेंतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेंत कृत्रिम हिरा बनविण्यांत आला, आणि पुढें हिऱ्याची करवत रस्त्याच्या कामासहि परवडूं लागली.

रस्ता मुद्दाम कापावयाचा कशासाठीं? जोसेफ अॅस्पडिन यानें १८२४ सालीं पोर्टलंड सिमेंटचें पेटंट घेतलें आणि १८९१ मध्यें अमेरिकेंत ओहायो प्रांतांतील बेलफाँटेन गांवीं काँक्रीटचा रस्ता झाला. काँक्रीट सुकतांना आंकुंचन पावतें व त्यास तडे जातात. हे तडे टळत नाहींत. मात्र ते कोठें जावेत हें ठरवितां येतें. थराच्या जाडीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाइतकी चीर ठराविक अंतरावर पाडली म्हणजे तडा तिच्या खालींच जातो. १२ इंच जाडीस ही चीर ३ ते ४ इंच खोल लागते. खरी कसोटी वेळेची असते. घाई केली तर कडेची खडी उखडते. उशीर केला तर काँक्रीट आपल्या मनाप्रमाणें तडकून मोकळें होतें.

हिऱ्याच्या पात्याचें मर्म त्याच्या झिजण्यांत आहे. पोलादी चकतीच्या कडेस धातूच्या भुकटींत हिऱ्याचे कण मिसळून बनविलेले तुकडे जोडतात. धातू झिजेल तसे ताजे कण उघडे पडतात. म्हणून कठीण, घट्ट काँक्रीटसाठीं हा धातू मऊ ठेवितात. नाहीं तर बोथट झालेले कण जागींच राहून पातें कापावयाचें थांबतें. डांबरी रस्त्याची गोष्ट उलट आहे. डांबर मऊ असलें तरी त्यांतून सुटणारी वाळूखडी कानशीप्रमाणें धातू खात सुटते. तेथें धातू कठीणच हवा. नळासाठीं चर खणतांना डांबरी रस्ता आधीं असा सरळ कापून घेतला, तर मागाहून भरलेलें ठिगळ नीट बसतें.

आतां राहिली धुळीची गोष्ट. कापतांना पाण्याची धार सोडतात, ती केवळ पातें थंड राहावें म्हणून नव्हे. काँक्रीटच्या वाळूखडींत सिलिका असते. तिचे डोळ्यांस न दिसणारे कण श्वासावाटे फुप्फुसांत रुततात आणि सिलिकोसिस हा रोग जडतो. त्यानें झालेली हानि भरून येत नाहीं. अमेरिकेनें २०१६ सालीं नियम करून, आठ तासांच्या कामांत कामगाराच्या श्वासाच्या हवेंत अशी धूळ दर घनमीटरास सरासरी ५० मायक्रोग्रॅमहून अधिक असतां कामा नये, असें ठरविलें. एका ग्रॅमचे दहा लक्ष भाग केले असतां त्यांतील हे ५० भाग होत! पाण्याची धार अथवा धूळ ओढून घेणारें यंत्र यांचा खर्च कंत्राटदारास नकोसा वाटतो. परंतु तो वांचविला तर त्याची भरपाई करवत धरणाऱ्याच्या फुप्फुसांस करावी लागते. रस्त्याचा सांधा सरळ पडला कीं नाहीं हें तपासणाऱ्यानें त्या करवतीस पाणी होतें कीं नाहीं, हेंहि तितक्याच काटेकोरपणें तपासलें पाहिजे.