द्विवर्षीय व्यवसाय शिक्षण : हिंगोली जिल्हा

दहावीनंतर दोन वर्षांत हाताला काम देणारे आणि पुढच्या शिक्षणाची वाट मोकळी ठेवणारे शिक्षण. परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, वसमत आणि औंढा नागनाथ हे त्याचे पाच तालुके. येथे हे शिक्षण मुख्यतः औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आयटीआयमध्ये मिळते. देशात कारागीर प्रशिक्षण योजना १९५० मध्ये सुरू झाली. अमेरिकेत १९०१ पासून, इलिनॉय राज्यातील जोलिएटपासून, दोन वर्षांची सार्वजनिक महाविद्यालये उभी राहिली. घराजवळ कमी खर्चात शिकून पुढे विद्यापीठात जाता यावे, ही त्यांची कल्पना आयटीआयच्याही जवळची आहे.

वीजतंत्री, तारतंत्री, जोडारी (फिटर), कातारी हे दोन वर्षांचे व्यवसाय; संधाता म्हणजे वेल्डर एका वर्षाचा. शिक्षणाचा मोठा भाग कार्यशाळेत जातो. अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर देशभर चालणारे राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळते.

कमी वेळ आणि कमी खर्च हे फायदे उघडच आहेत. पण खरा लाभ असा, की या दोन वर्षांनी कोणतेही दार बंद होत नाही. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला तंत्रनिकेतनाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो आणि पदविकेनंतर अभियांत्रिकी पदवीच्याही दुसऱ्या वर्षाला. रेल्वेच्या तंत्रज्ञ पदांसाठी दहावी आणि आयटीआय ही पात्रता चालते. अकरावी-बारावी करून पुढे काय, असा प्रश्न पडलेल्या शेतकरी कुटुंबाला हे आधी कळायला हवे. ते बहुधा कळत नाही आणि मुले केवळ टक्के कमी पडले म्हणून आयटीआयकडे येतात.

जिल्ह्यातच या कौशल्याला काम आहे. कमी-जास्त दाबाच्या विजेने विहिरीवरची मोटर जळते. ती ऐन पाण्याच्या पाळीत भरून मिळाली नाही तर उभे पीक वाळते. मोटर भरणारा, स्टार्टर दुरुस्त करणारा, सौर पंप बसवणारा माणूस गावाला रोज लागतो. वसमतची हळद २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनाने ओळखली गेली. ती शिजवायचे कुकर आणि पॉलिशचे ड्रम यांनाही वेल्डर व फिटर हवेत. साखर कारखान्यांच्या हंगामात फिटरची गरज असतेच. औंढा नागनाथजवळच्या लायगो-इंडिया या गुरुत्वलहरी वेधशाळेला केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांची मान्यता दिली. तेथील कुशल कामे स्थानिक मुलांना मिळावीत यासाठी संस्थांनी आतापासूनच तयारी करायला हवी.

उणीव शिकाऊ उमेदवारीत आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार ३० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना प्रशिक्षणार्थी घेणे बंधनकारक आहे. पण हिंगोलीत अशी आस्थापने थोडी. त्यामुळे मुलांना वाळूज किंवा चाकण गाठावे लागते आणि विद्यावेतनातला मोठा वाटा खोलीभाड्यात जातो. मुलींच्या वाट्याला ही अडचण अधिक येते. त्यांच्यासाठी ३० टक्के जागा राखीव असूनही घरची माणसे दूरच्या उमेदवारीला सहज परवानगी देत नाहीत. जिल्ह्यात वसतिगृहासह उमेदवारीची सोय झाली, तर हा अडथळा बराच कमी होईल.

दोन वर्षांचा प्रत्येक अभ्यासक्रम असा फळतोच असे नाही. मराठवाड्यात एकेकाळी डी.एड.ला मोठी झुंबड होती. २०१२ नंतर शिक्षकभरती दीर्घकाळ थंडावली, २०१३ पासून पात्रता परीक्षा आली आणि पदविका घेतलेले हजारो तरुण थांबून राहिले. त्या पदविकेला एकच मालक होता, शाळा. वीजतंत्र्याचे तसे नाही. नोकरी लागली नाही तरी त्याला गावात दुकान थाटता येते.