पेन्सविकची कोरीव थडगी

इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायर परगण्यात, कॉट्सवोल्ड टेकड्यांमध्ये पेन्सविक हे छोटे गाव आहे. तिथल्या सेंट मेरी चर्चच्या आवारात सतराव्या-अठराव्या शतकांतली कोरीव दगडी थडगी दाटीने उभी आहेत. त्या काळी सरदार-जमीनदारांची स्मारके सहसा चर्चच्या आत, छपराखाली असत. पेन्सविकची ही उघड्यावरची थडगी मात्र बव्हंशी लोकरी कापडाच्या धंद्यात गबर झालेल्या घराण्यांची आहेत.

गावालगतच्या ओढ्यावर पाणचक्क्या होत्या. विणलेले लोकरी कापड तिथे पाण्यात कुटून घट्ट केले जाई. या धंद्याला सरकारचाही टेकू होता, आणि तो थेट मरणापर्यंत पोचला होता. 1678च्या कायद्याने प्रेताला लोकरीचेच कफन घालणे सक्तीचे केले. न घातल्यास 5 पौंड दंड. श्रीमंत घरे कधी कधी दंड भरून तलम कापडच वापरीत. कायदा रद्द झाला तो 1814 साली.

पैसा व्यापाऱ्यांचा, दगड टेकडीचा. इथला चुनखडक खाणीतून निघताना मऊ असतो आणि उघड्यावर हळूहळू टणक होतो, त्यामुळे बारीक नक्षी काढणे सोपे जाते. थडग्यांचे दोन प्रकार ठळक दिसतात: लांबट पेटीसारखे, आणि गोल किंवा चौकोनी खांबासारखे उंच. दुसऱ्या प्रकाराला गावकरी चक्क ‘चहाचे डबे’ म्हणतात. पेटी आतून पोकळ असते. प्रेत तिच्याखाली जमिनीत पुरलेले असते. बाजूंवर पंख असलेली बालमुखे, फळाफुलांचे तोरण, वेलबुट्टी. ख्रिस्ती चिन्हांपेक्षा अभिजात रोमन शैलीची छाप यांवर अधिक आहे. भक्तीपेक्षा ऐपत ठसठशीत दिसते, असे म्हणणे अन्यायाचे होणार नाही.

घडवणाऱ्यांत ब्रायन हे स्थानिक पाथरवट घराणे विशेष गाजले. त्यातला जॉन ब्रायन 1787 साली वारला. त्याचे स्वतःचे थडगे याच आवारात आहे, आणि ते पिरॅमिडच्या आकाराचे आहे.

आवारातली कातरलेली यू झाडे 99च आहेत, शंभरावे सैतान जगू देत नाही, अशी दंतकथा आहे. पाहुण्यांचे लक्ष बहुधा झाडांकडेच जाते. कारागिरीच्या दृष्टीने मात्र इथला खरा ठेवा थडग्यांचा आहे. त्यांतल्या अनेकांना कायद्याचे संरक्षण आहे, तरी पाऊस आणि हिमतुषार हा चुनखडक झिजवतातच; दगडावरची कित्येक अक्षरे आता लागत नाहीत.