टोचून घेतलंस का गं?

२०२१ च्या जूनमधली गोष्ट. गिरगावातून ताईचा फोन आला. "तूच सांग बाई हिला. लस घेणार नाही म्हणतेय." मागून भाचीचा आवाज, "मावशी, डिसेंबरात लग्न आहे माझं. पुढे मूलच झालं नाही तर?" व्हॉट्सॅपवर कुणीतरी पाठवलं होतं म्हणे.

हसणार होते, पण हसू आलं नाही. कारण आपल्या मुंबईने हीच भीती सव्वाशे वर्षांपूर्वी पाहिलेली आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकॅशियो व्हिएगस यांना मांडवीत प्लेगचा रोगी सापडला. गाठीचा ताप शहरभर पसरला, लाखो माणसं गावाकडे पळाली. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात वाल्डेमार हाफकिन नावाचा शास्त्रज्ञ लस बनवत होता. १० जानेवारी १८९७ ला त्याने ती आधी स्वतःला टोचून घेतली, मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांवर चाचणी झाली. टोचलेल्यांमध्ये प्लेग कमी दिसला.

लोकांना मात्र ती पटेना. सुई हातभर लांब असते, टोचलं की माणूस मरतो, पुरुषाचं पुरुषत्व जातं आणि बाई वांझ होते... अशा वावड्या उठल्या. व्हॉट्सॅप नव्हतं हो तेव्हा!

आता त्या लोकांना अडाणी म्हणून मोकळं होता येईल. पण फेब्रुवारी १८९७ च्या साथरोग कायद्याने सरकारी माणसं थेट घरात शिरत होती. काखेत, जांघेत गाठ आहे का म्हणून परके पुरुष बायकांना तपासत होते. ज्याने अब्रूवर हात टाकला तोच सुई घेऊन आला, तर ती कुशीवरच उठणार, असं बाईला वाटलं तर नवल काय?

शिवाय भीतीला खतपाणीही मिळालं. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवालला एकाच बाटलीतली लस टोचलेली १९ माणसं धनुर्वाताने दगावली. ठपका हाफकिनवर आला, १९०७ मध्ये तो निर्दोष ठरला. परळची संस्था आज त्याच्याच नावाने ओळखली जाते. पुढे १९७६ मध्ये, आणीबाणीत, सक्तीच्या नसबंदीचं विधेयक आपल्याच विधिमंडळाने मंजूर केलं. ते कायदा झालं नाही, पण सरकार आणि सुई यांची धास्ती लोकांच्या मनात राहिलीच.

कोरोनाच्या लशीबद्दलची अफवा डिसेंबर २०२० मध्ये युरोपातून निघाली. दोघांनी अर्ज केला की विषाणूवरचं प्रथिन वारेच्या एका प्रथिनासारखं आहे, म्हणून शरीर वारेवरच उलटेल. प्रत्यक्षात ते साम्य अगदीच किरकोळ, दोन वेगळ्या वाक्यांत एखाद-दुसरा शब्द सारखा निघावा तितकंच. जानेवारी २०२२ मध्ये बोस्टन विद्यापीठाचा अभ्यास आला. मूल हवं म्हणून प्रयत्न करणाऱ्या दोन हजारांवर जोडप्यांत, लस घेतल्याने दिवस राहण्यात फरक दिसला नाही. उलट पुरुषाला नुकताच कोरोना होऊन गेला असेल तर काही काळ शक्यता कमी दिसली! पाळीचं म्हणाल, तर दुसऱ्या एका अभ्यासात ती सरासरी एका दिवसाहूनही कमी पुढे गेली, तीही तात्पुरती. आणि गरोदरपणी होणारा कोरोना मात्र खरंच धोक्याचा. आजार बळावतो, बाळ वेळेआधी जन्मण्याची शक्यता वाढते. २ जुलै २०२१ पासून आपल्याकडे गरोदर बायकांनाही लस खुली झाली.

पण त्या जूनमध्ये यातले बरेच आकडे हाताशी नव्हते. मग मी भाचीला हाफकिनची गोष्ट सांगितली, मुलकोवालसकट. ती गप्प झाली, मग म्हणाली, "मावशी, भीती वाटते म्हटलं की सगळे मूर्खच समजतात गं." तिच्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईंशी अर्धा तास बोलली आणि पुढच्या आठवड्यात जाऊन टोचून आली.

आता तिची लेक घरभर दुडदुडते. एका लेकीवरून काही सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं. पण तो अर्धा तास १८९७ मधल्या बायकांना कुणी दिला असता तर?

असो. तुमच्या घरी प्लेगच्या टोचणीची काही आठवण कुणी सांगितली असेल तर जरूर लिहा.